मुक्काम न हलवणारा संघ

सोलापूर शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या जुळे सोलापुरात राहायला येऊन मला सतरा वर्षं झाली. तरीही कोणी "तुम्ही कुठल्या?" विचारलं की तोंडातून "बाळीवेशीतल्या" असंच निघतं. बाळीवेस म्हणजे मी लहानाची मोठी झाले ती जुन्या शहरातली पेठ. शेजारच्या काकू मंगळवेढ्याच्या, समोरचे सर अक्कलकोटचे, वरच्या मजल्यावरचं कुटुंब मोहोळ तालुक्यातलं. आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत. त्यातलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या गावाचं किंवा पेठेचं आहे, पण जुळे सोलापूरचं म्हणवणारं एकही नाही. गावची यात्रा आली की निम्म्या घरांना कुलूप लागतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात तेव्हा आम्ही सगळे "सोलापुरात" जातो, जणू आम्ही राहतो ते दुसरंच कुठलं तरी गाव आहे.

1992 साली हद्दवाढ झाली. शेळगी, बाळे, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आसपासची गावं महापालिकेत आली. त्यानंतर विजापूर रोड आणि होटगी रोडच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडले, बंगले झाले, अपार्टमेंट उभी राहिली. माणसं आली ती मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी, शहरातल्या पडक्या वाड्याला कंटाळून. घर मिळालं, शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. पण चारचौघांत अभिमानाने "हे आमचं" म्हणावं असं सामायिक काही मिळालं नाही. पेठेला वेस असते, मंडळ असतं, तालीम असते. कॉलनीला फाटक असतं आणि फाटकावर "अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही" अशी पाटी असते.

या रिकाम्या जागेत आता क्रीडा क्लब उतरू लागलेत. क्रिकेट अकादमी, फुटबॉल कोचिंग, स्केटिंग, ठिकठिकाणची टर्फ. प्रत्येकाचा लोगो आहे, त्यात बहुतेक वेळा सिंह किंवा गरुड आहे, जर्सी आहे, इन्स्टाग्रामवर रील आहे. चालवणारी मंडळी तळमळीची असतात, हे मी जवळून पाहिलंय. त्यांची तक्रार मात्र एकच असते. पोरं येतात, पालक फी भरतात, पण सामना असला की मैदानाभोवती स्वतःच्या मुलाला न्यायला आलेल्या आईबापांशिवाय कोणी नसतं. संघामागे वस्ती उभी राहत नाही.

मला वाटतं, इथे क्रमच उलटा लागलाय. क्लब वस्तीकडे निष्ठा मागतो. खरं तर आधी क्लबाने वस्तीशी निष्ठा दाखवायची असते, आणि तीही बरीच वर्षं, परतफेडीची वाट न पाहता. एकाच जागी मुक्काम करायचा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी दिसायचं, हरलो तरी उठून जायचं नाही. एवढं झाल्याशिवाय पाठीराखे मिळत नाहीत. जर्सी विकून तर मुळीच मिळत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर एक फुटबॉल क्लब सुरू झाला. आम्ही हौसेने नाव घातलं. जर्सीचे पैसे वेगळे घेतले, तेही दिले. तीन महिने छान गेले. मग त्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि क्लब चार किलोमीटरवर गेला. तिथून एका शाळेच्या मैदानावर. वेळ सहाची होती ती साडेसात झाली. शिकवणारे सर बदलले. एका रात्री ग्रुपवर निरोप आला की पुढच्या महिन्यापासून बॅच बंद. फी बुडाली त्याचं मला फार वाटलं नाही. पण तोवर माझ्या पोरीने वहीच्या मागच्या पानावर क्लबचं चिन्ह काढायला सुरुवात केली होती, आणि तिने विचारलं, "आई, आपला क्लब आता कुठे गेला?" पोर 'आपला' म्हणायला शिकली होती आणि क्लब निघून गेला होता. जर्सी तिला आता आखूड होते, तरी ती टाकू देत नाही.

मोठ्या पातळीवर सोलापूरच्या बाबतीतही हेच घडलं. 2023 साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघांत एक होता सोलापूर रॉयल्स. नाव ऐकून आम्हाला केवढा आनंद झाला होता! पण सामने सगळे गहुंजेच्या मैदानावर, पुण्याच्याही पलीकडे, इथून अडीचशे किलोमीटरहून दूर. सोलापूरच्या नावाने खेळणारा संघ सोलापूरकरांनी टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिला. ज्या संघाचे खेळाडू आपल्या शहरात चहा प्यायला थांबले नाहीत, त्यांच्यासाठी घसा कोरडा कसा करायचा? 2025 च्या हंगामात पुरुषांच्या स्पर्धेत सोलापूरचं नाव राहिलं नाही, तेव्हा माझ्या ओळखीत कोणी हळहळलं नाही. लोक उदासीन नव्हते, पण त्यांच्या हातून काही गेलंच नव्हतं, कारण हातात काही आलंच नव्हतं.

सोलापूरला खेळाचं वेड नाही असं कोणी म्हणू नये. 2024 च्या जानेवारीत इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, अनेक वर्षांच्या खंडानंतर रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. जिल्ह्याची गुणवत्ताही कमी नाही. अर्शीन कुलकर्णी सोलापूरचा. त्याच 2023 च्या लीगमध्ये त्याने 54 चेंडूंत 117 धावा ठोकल्या, पण नाशिकच्या संघाकडून. वेळापूरचा रामजी कश्यप खो-खोच्या लीगमध्ये चमकला तो चेन्नईच्या जर्सीत, आणि 2025 च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताकडून खेळला. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे 2022 मध्ये टी-20 त 162 धावा करून गेली, तेव्हा ती नागालँडकडून खेळत होती. पोरं आपली, नावं आपली, घाम आपल्या मातीतला, आणि छातीवर दुसऱ्याच गावाचं नाव. खेळाडूंचा यात काही दोष नाही, संधी मिळेल तिथे त्यांनी जायलाच हवं. पण आपण अभिमानाचा फ्लेक्स लावतो आणि गप्प बसतो. पुढचा रामजी ज्या संघात पहिला खो देईल तो संघ आपल्या कॉलनीत उभा करावा, हे आपल्याला सुचत नाही.

मग पाठीराखे तयार होतात कसे? याचं उत्तर सोलापूरने केव्हाच शोधून ठेवलंय आणि ते आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी वाजतं. लेझीम. गणपतीच्या आधी कितीतरी दिवस मंडळांचे सराव सुरू होतात. रात्री जेवणं उरकली की गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजते आणि पोरं, आता पोरीही, रांगेत उभ्या राहतात. मी बाळीवेशीत लहानाची मोठी झाले ती हे बघत. आजी कट्ट्यावर बसायची, आई भांडी घासता घासता दारात यायची. कुणाचा हात चुकतोय, कुणाचा पाय मागे पडतोय, हे साऱ्या गल्लीला माहीत असायचं. विसर्जनाच्या दिवशी आमचा ताफा चौकात आला की अंगावर काटा यायचा, कारण त्यातलं प्रत्येक पोर आम्ही महिनाभर घडताना पाहिलेलं असायचं. बक्षीस मिळालं नाही तरी पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळेला हलगी वाजायचीच. तिकीट नव्हतं, जर्सी नव्हती. मिरवणूक एका दिवसाची असायची, पण तिच्यावरचा जीव आदल्या तीस रात्रींत जडलेला असायचा.

क्लबांनी नेमकं हेच घ्यायचं सोडून आयपीएलची नक्कल उचलली, याचं मला वाईट वाटतं. हद्दवाढ भागात होणाऱ्या टेनिस बॉल स्पर्धा पाहा. कोणाच्या तरी नावाचा चषक, प्रकाशझोत, डीजे, लाखाचं बक्षीस, खेळाडूंचा लिलाव. तीन रात्री गर्दी हटत नाही. चौथ्या दिवशी त्या मैदानावर कागदी ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या उरतात. जिंकलेल्या संघात वस्तीतलं एखादंच पोरगं असतं, बाकीचे बाहेरून आणलेले. लोक तमाशाला येतात तसे येतात आणि जातात. त्या गर्दीचे आकडे दाखवून आयोजक म्हणतात, "प्रतिसाद प्रचंड." गर्दी आणि पाठीराखे यांत फार मोठा फरक आहे. पाऊस आल्यावर गर्दी पळते, पाठीराखे ताडपत्री धरतात.

दूर कशाला, कोल्हापूर घ्या. तिथल्या फुटबॉलचं वेड सगळ्या देशाने पाहिलंय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम भिडतात, दिलबहार उतरतो, तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत असतात. हे संघ कुणा कंपनीने आणून बसवले नाहीत. तालीम आधी होती, मग तिचा फुटबॉल संघ झाला. माणसं आधीच एकमेकांची होती आणि खेळाने त्यांना रंग दिला. तिथे सामन्यांत हाणामाऱ्या होतात, स्पर्धा थांबवाव्या लागतात, हेही खरं आहे. आपल्या शहरात चार भाषा आणि अनेक समाज दाटीवाटीने राहतात, इथे ही ईर्ष्या परवडेल का, असा प्रश्न मला एका ज्येष्ठ क्रीडाशिक्षकांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पण कॉलनीत पेठेसारखा जुना हाडवैराचा इतिहास नाही. एकाच जिन्यावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरं असतात. तिथला संघ कुठल्याही एका समाजाचा होऊ शकत नाही, तशी सोयच नाही. जुन्या शहराच्या पूर्व भागात जे अवघड आहे ते जुळे सोलापुरात आपसूक जमू शकतं. मात्र क्लबाने ते ओळखायला हवं. सामन्याचं समालोचन फक्त शुद्ध मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत कशासाठी? सीमारेषेवरून "हाण की बे!" अशी आरोळी येते, तिच्यात चारही भाषा मिसळलेल्या असतात. माईक हातात घेणाऱ्याने ती बोली बोलावी.

वाढत्या उपनगरात नवा क्लब रुजल्याची आणि न रुजल्याची दोन ठळक उदाहरणं ऑस्ट्रेलियात आहेत. सिडनीच्या पश्चिमेला कामगार आणि स्थलांतरितांची अफाट वस्ती आहे. 2012 साली तिथे वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा फुटबॉल क्लब स्थापन झाला. त्यांनी आधी खेळाडू विकत घेतले नाहीत. उपनगरांत बैठका घेतल्या आणि लोकांना विचारलं की संघाचं नाव काय असावं, रंग कोणते असावेत, खेळायचं कुठे. लोकांनी सांगितलं, त्याच पश्चिम भागातल्या पॅरामाटाला. नाव निवडलं तेही तिथल्या जुन्या फुटबॉलच्या आठवणीतलं. पहिल्याच हंगामात संघ गुणतक्त्यात अव्वल आला, 2014 मध्ये आशियाचा विजेता झाला. जिंकल्यामुळे पाठीराखे मिळाले असं कोणी म्हणेल. पण लाल-काळ्या कपड्यांतले समर्थक गाणी म्हणत रस्त्याने स्टेडियमकडे चालत जायचे ते पहिल्याच हंगामापासून, कपाटात एकही करंडक नसताना.

दुसरं उदाहरण मेलबर्नच्या पश्चिमेचं. वेस्टर्न युनायटेड हा क्लब 2019 पासून खेळू लागला. झपाट्याने वाढणाऱ्या विंडहॅम भागात स्वतःचं स्टेडियम बांधू, असं वचन देऊन त्याने लीगमध्ये जागा मिळवली होती. स्टेडियम रखडलं. संघ कधी जिलाँगला, कधी बॅलराटला असा फिरत घरचे सामने खेळला. 2022 मध्ये तो चक्क लीगचा विजेता झाला, तरी मैदानात माणसं आली नाहीत. 2025 मध्ये आर्थिक संकटामुळे त्याला स्पर्धेबाहेर राहावं लागलं. विजेतेपद मिळवूनही ज्याला गाव मिळालं नाही असा संघ. हे वाचलं तेव्हा मला माझ्या पोरीचा प्रश्न आठवला. चार किलोमीटर असो की शंभर, घर बदलत राहणाऱ्याला शेजारी मिळत नाहीत.

आता आपल्या इथे घर म्हणजे मैदान मिळतं का, हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. नियमाप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट करताना 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. त्यालाच आपण सगळे 'ओपन स्पेस' म्हणतो. हद्दवाढ भागात अशा किती तरी ओपन स्पेस आहेत. त्यांचं काय झालंय ते फिरून पाहा. कुठे काटेरी बाभळी, कुठे बांधकामाचा राडारोडा, कुठे पत्र्याची शेड, कुठे कुंपण घालून कुलूप लावलेली बाग. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो. मोठं स्टेडियम पार्क चौकात आहे, क्रीडा संकुल कुमठा नाक्यावर आहे, ते हवंच. पण दहा वर्षांच्या मुलीला एकटीने चालत जाता येईल अशा अंतरावर काय आहे?

क्रिकेट किंवा फुटबॉल या जागांत मावणार नाही हे खरं. पण खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. कबड्डीला त्याहून कमी लागतं. दोन खांब, पोतंभर चुना, माती सपाट करायला एक दिवसाचा रोलर, बस्स. जिल्ह्यात खो-खोची जाण आहे, जुने खेळाडू वस्त्यावस्त्यांत राहतात आणि शिकवायला तयार असतात. जुळे सोलापुरातला पहिला खरा 'आपला' संघ क्रिकेटचा नसेल, खो-खोचा असेल, असं मला मनापासून वाटतं.

महापालिकेने करायचं ते इतकंच की अशी एकेक जागा एकेका नोंदणीकृत क्लबाला ठरावीक दिवस आणि वेळेसाठी किमान दहा वर्षं लिहून द्यावी. मालकी नको, भिंत नको, फलकावर कोणाचा फोटो नको. बदल्यात क्लबाने कबूल करायचं की सराव सगळ्यांना बघायला खुला असेल, वस्तीतल्या निम्म्या मुलांकडून फी घेतली जाणार नाही, आणि उरलेल्या वेळी जागा म्हाताऱ्यांच्या फेरफटक्याला मोकळी राहील. दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करायचा म्हटलं की कोणता क्लब तिथे झाड लावेल? आणि सावली नसलेल्या मैदानावर, बेचाळीस अंशांच्या उन्हात, कोणती आजी येऊन बसेल?

आजी येणं महत्त्वाचं आहे, ही गोष्ट क्लब चालवणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या लक्षात येत नाही. पाठीराखा म्हणजे टीशर्ट घालून ओरडणारा तरुण, असं चित्र त्यांच्या डोक्यात असतं. आमच्या भागातले तरुण तर बारावीनंतर पुण्याला जातात. शनिवारी रात्री गाडीने येतात, रविवारी संध्याकाळी परततात. वस्तीत बाराही महिने असतात त्या बायका, लहान मुलं आणि निवृत्त माणसं. त्यांना बसायला दगडी बाक, प्यायला पाणी, बायकांसाठी स्वच्छ संडास आणि घरी जायच्या रस्त्यावर पेटणारे दिवे हवेत. माझ्या मुलीच्या वयाच्या किती तरी मुलींचा खेळ अंधारामुळे सुटलाय. आवड संपलेली नव्हती.

आणि वेळ. मिलचा भोंगा होता तेव्हा सगळं शहर त्यावर चालायचं. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुकानदार फळी उघडायचा. ठरलेल्या वेळेत माणसं एकमेकांना भेटतात आणि भेटत राहिली की एकमेकांची होतात. क्लबाचा सामना असा भोंग्यासारखा असावा, रविवारी सकाळी सात म्हणजे सातच, वर्षभर. सोलापुरात आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी घरातली बाई मैदानावर येणार नाही, तुम्ही भारताचा कर्णधार आणून उभा केला तरी. ज्या क्लबाला आपल्या वस्तीच्या पाण्याचा दिवस माहीत नाही, त्याला वस्ती माहीत नाही.

गेल्या दिवाळीपासून आमच्या ओपन स्पेसवर रविवारी सकाळी मुलींचा खो-खो सुरू झालाय. बाभळी आम्हीच तोडल्या. एक निवृत्त क्रीडाशिक्षक शिकवतात, सगळ्या त्यांना सरच म्हणतात. पहिल्या रविवारी अकरा मुली होत्या, आता तीसच्या वर असतात. मंगळवेढ्याच्या काकू खुर्ची घेऊन येतात आणि कोणती पोर खांबाजवळ ढिली पडते ते सरांच्या आधी सांगतात. आम्ही दोन सामने हरलोय, दोन्ही वाईट. जर्सी अजून केलेली नाही, कारण नाव ठरलेलं नाही. मुलींनी एक वही घरोघर फिरवलीय. त्यात चौदा नावं जमलीत, दोन कन्नडमध्ये आहेत, एक तेलुगूत. मत द्यायला वयाची अट नाही.

जागेसाठी रीतसर अर्ज दिलाय. त्यात लिहिलंय की आम्हाला बांधकाम करायचं नाही, 27 बाय 16 मीटरच्या तुकड्यावर रविवारची सकाळ आणि मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ दहा वर्षांसाठी आमच्या नावावर करून द्या, आणि एक दिवा लावून द्या. अर्जावर एकशे बारा सह्या आहेत. पत्त्याच्या रकान्यात सगळ्यांनी जुळे सोलापूर लिहिलंय.